फोटोतला फोटो

ओसरीवर एक बाई बसली आहे. पदर डोक्यावर, नजर कॅमेऱ्याकडे किंवा त्याच्या जराशी खाली. मागे पोपडे उडालेली भिंत, बाजूला एकदोन लेकरं आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली नवऱ्याच्या फोटोची फ्रेम. २००५-०६ पासून हे चित्र इतक्यांदा छापून आलं आहे की खालची ओळ वाचायच्या आधीच वाचक जिल्हा ओळखतो. यवतमाळ. त्यातही केळापूर, नाहीतर शेजारचे मारेगाव, झरी जामणी, राळेगाव हे तालुके. केळापूर तालुक्याचं मुख्यालय पांढरकवडा, नागपूर-हैदराबाद महामार्गावर. सकाळी नागपुरात विमानातून उतरलेला माणूस इथलं एखादं गाव करून रात्री पुन्हा नागपुरात जेवायला पोचू शकतो. किशोर तिवारींची विदर्भ जनआंदोलन समितीही इथलीच. शेतकरी आत्महत्यांचे आकडे तिच्याकडून देशभरच्या वृत्तपत्रांना जायचे. विदर्भाचं दुःख जगाला दिसलं ते बरंचसं याच पट्ट्यातून, आणि त्यात दुःखाच्या तीव्रतेइतकाच या महामार्गाचाही हात असावा असं मला वाटत आलं आहे.

बाईच्या हातातल्या फ्रेमकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिच्यातला माणूस ताठ असतो. कधी अंगात न घातलेला कोट, मागे निळा पडदा. तालुक्याच्या स्टुडिओत मतदार ओळखपत्रावरचा किंवा पासबुकातला फोटो मोठा करून, त्याला कोट चढवून हा बनवून घेतलेला असतो. जिवंतपणी त्याचा वेगळा फोटो असा काढलेलाच नसतो.

युद्धछायाचित्रकारांचे धोके आणि त्यांची धर्मसंकटं यांचा आढावा घ्यायला बसलं की मला हा फोटोतला फोटो आठवतो. केळापुरात तोफा धडाडल्या नाहीत हे खरं. पण ज्या वृत्तसंस्था जगभरच्या युद्धांवर माणसं पाठवतात त्यांचीच माणसं इथेही आली, तीच भिंगं आणि तीच घाई घेऊन. एक फरक होता. युद्धात कॅमेरेवाल्याचा स्वतःचा जीव पणाला लागलेला असतो, आणि त्या बदल्यात आपण त्याला पुष्कळ काही माफ करून टाकतो. पांढरकवड्याला येणाऱ्याचं फार तर एक टायर पंक्चर होत होतं. त्यामुळे युद्धभूमीवर धुरात झाकून जाणारे प्रश्न इथे उघडे पडले.

आधी तो जीव पणाला लावण्याचा हिशेब पाहू, कारण तो खोटा नाही. स्पेनच्या यादवीत जुलै १९३७मध्ये छायाचित्रकार गेर्डा टारो गेली. तिचा सहकारी रॉबर्ट कापा २५ मे १९५४ रोजी व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडून मेला. आपल्याकडचा दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकला मारला गेला; रॉयटर्ससाठी त्याने मुंबईत बरीच वर्षं काम केलं होतं. युद्ध नेहमी सीमेवरच असतं असंही नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री 'मुंबई मिरर'चे सेबॅस्टियन डिसोझा समोरच्या इमारतीतून सीएसटी स्थानकात धावले आणि रेल्वेच्या डब्याच्या आडोशाने त्यांनी हल्लेखोर कसाबचं ते चित्र टिपलं. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे श्रीराम वेर्णेकरही त्या रात्री तिथे होते. पुढच्या वर्षी दोघांनी विशेष न्यायालयात साक्ष दिली आणि छायाचित्रं पुरावा म्हणून दाखल झाली. त्याच तीन दिवसांत टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी कमांडोंची हालचाल थेट दाखवली. २९ ऑगस्ट २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. एकाच घटनेतला एक कॅमेरा साक्षीदार ठरला, दुसरा हल्लेखोरांच्या कामी आला. आणि २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या मध्यावर, शक्ती मिलच्या पडक्या आवारात, कामावर असलेल्या एका शिकाऊ महिला छायाचित्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. धोक्याची चर्चा करताना बंदूक आणि सुरुंग यांच्यापलीकडे आपलं मन जातच नाही, म्हणून ही तारीख इथे मुद्दाम लिहिली.

आता धर्मसंकटांकडे. मराठीत हा विषय निघाला की पहिलं नाव केव्हिन कार्टरचं येतं. सुदानमधलं भुकेलं मूल, मागे बसलेलं गिधाड. मार्च १९९३मधलं चित्र, १९९४मध्ये पुलित्झर, त्याच वर्षी जुलैत कार्टरची आत्महत्या. व्हॉट्सअॅपवर या गोष्टीचं जे रूप फिरतं त्यात कुणीतरी कार्टरला फोन करून विचारतं आणि कार्टर खजील होऊन मरतो. मला या कथेचा आताशा कंटाळा आला आहे. तिने सगळा प्रश्न एका क्षणात कोंबला : फोटो काढलास की मूल उचललंस? प्रत्यक्षात ते मूल अन्नवाटप केंद्राजवळ होतं, हातात संयुक्त राष्ट्रांचा पट्टा होता. २०११मध्ये एका स्पॅनिश वृत्तपत्राने शोध घेतला तेव्हा कळलं की तो मुलगा होता, त्या दिवशी वाचला होता आणि पुढे बऱ्याच वर्षांनी तापाने गेला. म्हणजे जगाने ज्याच्यासाठी अश्रू ढाळले त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणीतरी जायला अठरा वर्षं लागली. हा प्रश्न मला उचललं की नाही यापेक्षा मोठा वाटतो, आणि केळापूरलाही तोच लागू पडतो.

छायाचित्रासाठी प्रसंग घडवणं हेही नवं नाही. १८८६ साली मंडालेत ब्रिटिश अधिकारी विलोबी हूपरने गोळ्या घालून मारल्या जाणाऱ्या ब्रह्मी कैद्यांची चित्रं घेतली. कॅमेऱ्यातली काच नीट उघडता यावी म्हणून गोळीबाराचा हुकूम लांबवल्याचा बोभाटा होऊन चौकशी झाली. याच हूपरने त्याआधी १८७६-७८च्या मद्रासकडच्या दुष्काळात हाडांचे सापळे झालेली माणसं रांगेत बसवून टिपली होती. १८ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात बंदिवानांना संगिनींनी भोसकलं गेलं ते बऱ्याच कॅमेऱ्यांसमोर. हॉर्स्ट फास आणि मिशेल लोरां यांनी ते टिपलं, त्यांना पुलित्झर मिळालं. मार्क रिबू आणि आणखी काही जण मात्र तिथून निघून गेले. कॅमेरे आहेत म्हणून हे होत आहे, अशी त्यांना शंका आली होती. कोण बरोबर? फासची चित्रं नसती तर ती हत्या नाकारता आली असती. रिबूसारखे सगळेच निघून गेले असते तर कदाचित ती झालीच नसती. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी त्यांचा निकाल लागलेला नाही.

याच्या उलट टोकाला मुंबईचे नारायण विनायक विरकर आहेत. १९१९च्या हत्याकांडानंतर ते जालियनवाला बागेत पोचले तेव्हा प्रेतं नव्हती. भिंतींवर गोळ्यांच्या खुणा होत्या. त्या खुणांभोवती पांढऱ्या रेघा, शेजारी उभी माणसं, एवढंच विरकरांनी टिपलं. मेलेल्याचा चेहरा न दाखवता मारल्याचा पुरावा उभा करता येतो, हे एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. मराठी वृत्तपत्रसृष्टीत त्यांचं नाव जितकं निघायला हवं तितकं निघत नाही.

केळापूरच्या चित्रात मेलेला आणि मारणारा, दोघेही नसतात. भिंतीवर खुणा नाहीत. कापसाचा भाव, बँकेची नोटीस, सावकाराची वही, उशिरा आलेला पाऊस यांचा फोटो काढता येत नाही. त्यामुळे सगळा भार त्या बाईच्या चेहऱ्यावर पडतो. 'ताई, जरा फ्रेम हातात घ्या.' 'भिंतीवरून काढूनच द्या ना.' हे म्हणणारा माणूस वाईट नसतो, बहुतेकदा गलबललेलाच असतो. पण मांडणी त्याने केलेली असते. पुढे २०१८मध्ये अलेस्सिओ मामो या इटालियन छायाचित्रकारावर जगभर टीका झाली. त्याने उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशातल्या गरीब गावकऱ्यांना प्लास्टिकच्या खोट्या पदार्थांनी भरलेल्या टेबलामागे डोळे झाकून उभं केलं होतं. टेबल खोटं होतं म्हणून आपण चिडलो. फ्रेम खरी असते, म्हणून तिचं बोचत नाही.

संमतीचा प्रश्न तर इथे युद्धभूमीपेक्षाही गुंतागुंतीचा आहे. राज्य सरकारच्या योजनेत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळत : ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण 'पात्र' ठरायला हवं. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की खाजगी, तगादा होता का, याची छाननी होऊन कित्येक घरं 'अपात्र' ठरली. अशा घरात कॅमेरा येतो तेव्हा बाईला वाटतं, पेपरात आलं तर साहेब लक्ष घालतील. कात्रण फाईलला लावता येईल. ती हो म्हणते. हे होकार देणं खरं आहे आणि नाहीही, कारण नाही म्हटल्याची किंमत काय पडेल हे तिला माहीत नसतं. बाहेरचा छायाचित्रकार तिला काहीच कबूल करत नाही. तरी त्याच्या गाडीवरचा 'प्रेस' हा शब्दच तिच्यासाठी एक कबुली असतो. जून-जुलै २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हापासून तर कॅमेरा आणि मदत या दोन गोष्टी गावांच्या मनात एकत्र बांधल्या गेल्या.

चित्रानंतर त्या माणसाचं काय होतं याची आपल्याकडे दोन ठळक उदाहरणं आहेत. २००२च्या गुजरात दंगलीत हात जोडून गयावया करणारा कुतुबुद्दीन अन्सारी. अर्को दत्ता यांनी काढलेलं ते चित्र जगभर गेलं. अन्सारी जीव घेऊन मालेगावला आला. चित्रही तिथे पोचलंच. हाताला लागलेलं काम त्या ओळखीपायी सुटलं आणि त्याला पुढे कोलकात्याला जावं लागलं. दुसरं उदाहरण केळापूरच्या शेजारचं, मारेगाव तालुक्यातल्या जळक्याच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी कलावती बांदुरकर. २००८मध्ये राहुल गांधी त्यांच्या घरी गेले आणि जुलैत लोकसभेत अणुकराराच्या चर्चेत त्यांचं नाव घेतलं. त्यानंतर त्या घरी किती कॅमेरे येऊन गेले असतील याची मोजदाद नाही. ऑगस्ट २०२३मध्ये अविश्वास ठरावाच्या चर्चेत अमित शहांनी त्यांचं नाव पुन्हा घेतलं, आणि मदत कुणी केली हे सांगायला बाईंना पुन्हा कॅमेऱ्यांसमोर यावं लागलं. पंधरा वर्षं एक चेहरा दोन्ही बाजूंनी वापरात आहे. अन्सारीला चित्रापासून पळावं लागलं, कलावतींना चित्रात राहावं लागलं. कोटा नीलिमा यांनी २०१८च्या पुस्तकात विदर्भातल्या शेतकरी विधवांच्या अदृश्यतेबद्दल लिहिलं. देशात ज्यांचे सर्वांत जास्त फोटो निघाले त्या बायकांबद्दल हे लिहावं लागलं, ही बाब मला चक्रावून टाकते.

नाव आणि चित्र कुणाच्या वाट्याला येतं, याचं शेजारचंच आणखी एक उदाहरण. टी-१ ऊर्फ अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ मारली गेली. तो सगळा टापू पांढरकवडा वनविभागाचा. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले होते. वाघिणीला नाव मिळालं, तिचं मेलेलं चित्र देशभर फिरलं, तिच्यासाठी शहरांत मोर्चे निघाले. त्या तेरांतल्या एकाचं तरी नाव मुंबई-पुण्यात कुणाला सांगता येईल?

आता ज्याच्याबद्दल सहसा लिहिलं जात नाही त्या माणसाकडे येतो. तालुका वार्ताहर. बहुतेक तालुक्यांच्या गावी हा पूर्णवेळ पत्रकार नसतो. त्याचं झेरॉक्सचं दुकान असतं, किंवा फोटो स्टुडिओ. लग्नाचे अल्बम, शाळेचे ओळखपत्राचे फोटो, बारसं, आणि जोडीला पेपर. मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. पोलीस पाटलाचा नाहीतर ओळखीच्या ड्रायव्हरचा फोन येतो, तो मोटरसायकल काढतो. उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात पंचनामा आणि पोस्टमार्टेमची (पीएमची) वाट पाहत नातेवाईक झाडाखाली बसलेले असतात. त्यांच्यातले निम्मे त्याच्या ओळखीचे. मेलेल्याच्या लग्नाचा अल्बम त्यानेच केलेला असण्याची शक्यता बरीच. नागपूरहून किंवा दिल्लीहून आलेल्याला वाट दाखवणारा, दुभाष्या होणारा, 'त्या घरी जाऊ नका, पोरगी लग्नाची आहे' असं सांगणारा हाच. मोठ्या चित्राखाली नाव दुसऱ्याचं लागतं.

त्याचं धर्मसंकट पाठ्यपुस्तकात नाही. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी आणि शेतमजूर शेकड्यांनी रुग्णालयांत दाखल होऊ लागले. जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या रुग्णांची चित्रं देशाने पाहिली ती साधारण ऑक्टोबरात. माणसं आजारी पडत होती जुलै-ऑगस्टपासून. मधल्या काळात गावोगावच्या वार्ताहरांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण औषध विकणारं कृषी केंद्र हेच तालुक्यातलं मोठं जाहिरातदार गिऱ्हाईक असतं. त्या दुकानाच्या फळीसमोर कॅमेरा उघडायचा तर दिवाळी अंकाच्या जाहिराती गेल्याच समजा. त्याला गोळी लागत नाही, उधारी बंद होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एप्रिल २०१७मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा मंजूर केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. हल्ला झाला तर तो उपयोगी. जाहिरात काढून घेणं हा हल्ला नव्हे.

जगातही आता हाच माणूस पुढे आला आहे. ऑक्टोबर २०२३नंतर गाझात बाहेरच्या छायाचित्रकारांना मोकळी वाटच नव्हती. जे टिपलं ते तिथल्यांनीच, आपल्याच गल्लीत, आपल्याच नातलगांमध्ये. मोहम्मद सालेमने नासेर रुग्णालयात टिपलेलं, भाचीसाठी कोलमडलेल्या बाईचं चित्र २०२४चं वर्ल्ड प्रेस फोटो ठरलं. त्याच रुग्णालयावर २५ ऑगस्ट २०२५ रोजी झालेल्या हल्ल्यात एपीसाठी काम करणारी मरियम दग्गा मारली गेली. कार्टरच्या कथेतला परका, विमानाने येऊन विमानाने जाणारा कॅमेरेवाला या चर्चेच्या मध्यावरून सरकतो आहे. मनावरच्या जखमांचंही तसंच. अँथनी फाइनस्टाइन या मनोविकारतज्ज्ञाने २००२ साली युद्धवार्ताहरांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा चारांतल्या एकाहून अधिकांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर मनोविकार झाल्याचं आढळलं. ते सगळे घरी परतू शकणारे लोक होते. पीएम रूमच्या झाडाखालून परतलेला वार्ताहर संध्याकाळी त्याच ओळखीच्या कुटुंबाच्या दारावरून जातो.

आत्महत्येच्या बाबतीत तर नियमच कॅमेऱ्याच्या विरुद्ध आहे, आणि योग्य कारणाने. भडक, तपशीलवार, चित्रासह दिलेली बातमी खचलेल्या दुसऱ्या माणसाला त्याच वाटेवर ढकलू शकते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना सावध करते. भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९मध्ये त्याच धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली : पद्धत सांगू नका, बातमी पहिल्या पानावर मिरवू नका, फोटो टाळा. केळापूरला हे लावून पाहा. ज्या दशकात सरकारदरबारी 'व्यसन', 'घरगुती भांडण' अशी कारणं लिहून प्रकरणं बाजूला सारली जात होती, त्या दशकात फोटो टाळले असते तर? अमरावती विभागात २००१पासून प्रशासन या आत्महत्यांची नोंद ठेवत आलं आहे. पण नोंदवहीला दिल्लीतून कुणी भेट देत नाही, चित्राला देतं. माझा कौल असा, आणि तो मी भीत भीतच देतो : प्रेताचा आणि मरणाच्या साधनाचा फोटो कधीच नको, तेव्हाही नको होता. बाईचा हवा होता, पण एकदा. आणि दर हंगामात तोच फोटो नव्या बाईकडून करून घेण्याचं काही कारण नव्हतं. चौथ्या-पाचव्या वर्षी ते चित्र माहिती देईनासं झालं. वाचकाला सवय झाली, आणि सवय झालेलं दुःख सरकारला परवडतं.

न परवडणारं काम वेगळ्या वाटेने झालं. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस शेतकऱ्याकडे वर्षानुवर्षं जात राहून २०२१मध्ये 'रामराव' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. तिथे प्रश्न एका क्षणाचा उरत नाही. खर्च, पाऊस, लग्न, उधारी असा हिशेब चालतो. दिवंगत शेतकऱ्यांच्या बायकांनीच रंगमंचावर उभं राहून केलेलं 'तेरवं' हे नाटक श्याम पेठकरांनी लिहिलं, हरीश इथापे यांनी बसवलं. त्यात काम करणाऱ्या वैशाली येडे यांनी ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्याच्या लाजिरवाण्या प्रकरणातून ही वेळ आली, हे विसरायचं कारण नाही. पण त्या दिवशीची छायाचित्रं काढून पाहा. बाईसमोर ध्वनिक्षेपक आहे, तोंड उघडं आहे, ती काहीतरी सांगते आहे, आणि खुर्च्यांवर बसलेले लेखक ऐकत आहेत. जिल्ह्याच्या पंधरा वर्षांच्या चित्रसंग्रहात असं चित्र दुर्मीळ.

आणि तो स्टुडिओवाला. दिवसा त्याने पेपरसाठी फोटो पाठवला, रात्री संगणकावर ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा चेहरा मोठा करत बसतो. चेहरा फाटतो, डोळ्यांजवळ ठिपके दिसू लागतात, ते तो एकेक करून भरतो. गालावरचा शिक्का पुसतो. कोणता शर्ट टाकू असं घरच्यांना विचारलेलं असतं. ते म्हणतात, कोट टाक. तेरवीच्या आदल्या दिवशी कुणीतरी फ्रेम न्यायला येतं. काउंटरवर ती उजेडाकडे धरून बघतं. 'असा नव्हता दिसत तो,' असं कधीकधी म्हणतं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन जातं.